तालमूदमधून ज्यू सण वाचतोय, पण हाती फक्त मापंच लागतायत

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी दीड तास जमतो. ज्यूंच्या सणांचा अर्थ कोणाच्या लेखातून उसना न घेता थेट तालमूदमधून, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातून, समजून घ्यायचा, एवढाच उद्देश. हिब्रू किंवा अरामी कोणालाच येत नाही. सेफारिया या संकेतस्थळावरचा स्टाइनसाल्ट्झ यांचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवतो आणि चर्चा मराठीत करतो. सुरुवात ‘सुक्का’ (मांडव) या भागापासून केली, कारण सुक्कोत हा मांडवाचा सण आपल्याला कळायला सोपा जाईल असं वाटलं. अडचणी अशा:

१. पहिल्या पानापासून मापंच मापं. मांडव वीस हातांपेक्षा उंच नको, दहा मुठींपेक्षा बुटका नको, सावलीपेक्षा ऊन जास्त नको. सात-आठ पानं झाली तरी हेच. सणाचा अर्थ नेमका कुठल्या पानावर येतो?

२. शावुओतसाठी त्या नावाचा भाग उघडला, तर आत शपथा, साक्षी आणि ठेवींचे दावे! सणाचा पत्ता नाही.

३. हनुक्काचा (दिव्यांच्या सणाचा) भाग यादीत सापडतच नाही.

४. आमच्यातल्या एकांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. त्यांचं म्हणणं, द्राक्षाचा मांडव म्हणजे आयता सुक्काच की! खांब आहेत, तारा आहेत, वर वेल, खाली सावली. चालेल का?

५. वर्षभरात मुख्य सण बसतील असा वाचनाचा क्रम कोणी सुचवेल का?

---

पान_दोन_अ

दोन आणि तीन आधी उरकतो.

तुम्ही उघडलात तो भाग ‘शेवुओत’, म्हणजे शपथा. सण ‘शावुओत’, म्हणजे सप्ताह. हिब्रूत अक्षरं तीच, फरक स्वरांचा, आणि तालमूद बिनस्वरांचा छापतात. हा घोटाळा नवख्यांचा नेहमीचा. शावुओतला स्वतःचा भागच नाही. त्या सणाचं साहित्य विखुरलेलं आहे. तोरा (मोशेला मिळालेलं धर्मशास्त्र) सिवान महिन्याच्या सहाव्या दिवशी मिळाली की सातव्या, हा वाद ‘शब्बात’ या भागात ८६ब (पान ८६, दुसरी बाजू) पासून. ओमेरचे दिवस (पसाख या वसंतातल्या सणापासून शावुओतपर्यंतची मोजणी) कोणत्या दिवसापासून मोजायचे, यावरचं भांडण मेनाखोत ६५अ वर. आणि सणाचा दिवस देवाचा की माणसाच्या पोटाचा, हा प्रश्न पसाखिम ६८ब वर. तिथले पंडित एलिएझर म्हणतात, एकतर सगळा दिवस खाण्यापिण्यात घालवा नाहीतर सगळा अभ्यासात. यहोशुआ म्हणतात, अर्धा देवाला, अर्धा तुम्हाला. पण शावुओतला जेवण हवंच यावर मात्र दोघांचं एकमत, कारण तोरा मिळाली तो दिवस. तोरा मिळाल्याच्या दिवशी उपास नाही, पंगत. माझ्या मते शावुओतचा अर्थ शोधायला एवढं अर्धं पान पुरेसं आहे.

हनुक्कालाही भाग नाही. मिश्नात (तालमूदमधल्या मूळ नियमांत) त्याचा उल्लेख जाता जाता येतो. जी काय चर्चा आहे ती शब्बात २१अ ते २४अ, तीही शब्बातच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्याला कुठली वात आणि कुठलं तेल चालतं या विषयात मध्येच घुसलेली.

आता पहिला प्रश्न. अर्थ पान २अ वरच आहे, तुमच्या डोळ्यांसमोरून गेला. वीस हातांपेक्षा उंच सुक्का बाद, असं मिश्ना म्हणते. गेमारा, म्हणजे मिश्नावरची चर्चा, लगेच विचारते: का? आणि तीन पंडितांची तीन उत्तरं येतात.

राब्बा: ‘मी इस्राएलांना मांडवांत राहवलं हे तुमच्या पिढ्यांना कळावं’ असं वचन आहे. वीस हातांपर्यंत माणसाच्या नजरेत छप्पर येतं, आपण मांडवात बसलोय हे त्याला कळतं. त्याहून वर नजर जात नाही.

झेरा: सुक्का सावलीसाठी. फार उंच झाली की सावली भिंतींची पडते, छपराची पडत नाही.

रावा: सात दिवस पक्कं घर सोडून कच्च्यात राहा, असं सांगितलंय. वीस हातांपर्यंत माणूस कच्चं बांधू शकतो. त्याहून उंच बांधायचं तर पक्कंच बांधावं लागतं.

म्हणजे सणाचे तीन अर्थ झाले: आठवण, आसरा आणि तात्पुरतेपण. तिन्ही एकाच मापाला लटकवलेले. नुसतं मांडून गेमारा थांबत नाही, प्रत्येक कारण ताणून बघते. समजा भिंती थेट छपराला टेकल्या असतील तर? नजर भिंतीवरून सरकत छपरापर्यंत जाते, मग राब्बाच्या कारणाने तेवढी उंची चालायला हवी. समजा मांडव चार हातांहून रुंद असेल तर? मग छपराची सावली पुरेशी पडते, झेराच्या कारणाने चालायला हवी. रावाच्या कारणाने मात्र दोन्ही वेळा नाहीच. माप बदलून बघायचं आणि कुठला अर्थ तग धरतो ते पाहायचं, ही इथली रीत. ‘सणाचा अर्थ’ असं शीर्षक देऊन कोणी परिच्छेद लिहिलेला नाही आणि पुढे कुठे मिळणारही नाही.

मापं आकड्यात: हात म्हणजे अम्मा, सुमारे ४८ सेंमी. मूठ म्हणजे तेफाख, सुमारे ८ सेंमी. सहा मुठींचा एक हात. म्हणजे कमाल उंची साधारण ९.६ मीटर, किमान ८० सेंमी, आणि लांबी-रुंदी किमान सात-सात मुठी, ५६ सेंमी. माणसाचं डोकं, धडाचा बराचसा भाग आणि छोटा पाट मावेल एवढीच जागा! (दुसऱ्या एका गणतीत मूठ साडेनऊ सेंमीच्या पुढे जाते. बांधायला बसाल तेव्हा कमालीला लहान मूठ धरा, किमानीला मोठी.) रविवारी बसाल तेव्हा मोजपट्टी सोबत ठेवा आणि ८० सेंमी प्रत्यक्ष आखून बघा. मग एवढ्या बुटक्या जागेला गेमारा नाक का मुरडते ते आपोआप कळतं.

वाचताना एक चूक हमखास होते. त्या अनुवादात ठळक अक्षरांतलं तेवढंच तालमूदचं शब्दशः भाषांतर आहे. साध्या अक्षरांतलं स्पष्टीकरण अनुवादकाने घातलेलं. तालमूदचं मूळ फार तोकडं, तारेच्या भाषेत असल्यासारखं, म्हणून ही भर लागतेच. पण साध्या अक्षरांतलं वाक्य उचलून ‘तालमूद असं म्हणतं’ म्हणू नका.

---

काथ्याकूट

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पद्धतीबद्दल थोडं.

पाच जणांनी एकत्र वाचू नका. दोन आणि तीन अशा गटांत बसा. ज्यू परंपरेत हा अभ्यास जोडीने करतात, त्याला खाव्रुता म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने वाक्यावाक्याला अडवायचं. मराठी वाचकाला एक सोय आहे: पूर्वपक्ष आणि सिद्धांत हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. वहीत चार खुणा ठरवा: प्रश्न, पुरावा, आक्षेप, परिहार. प्रत्येक वाक्यापुढे एक खूण. खूण देता येत नसेल तर ते वाक्य कळलेलं नाही असं समजा.

पण ही सोय एका ठिकाणी फसवते. आपल्याकडे वाद सिद्धांताला जाऊन टेकतो अशी सवय असते. गेमारात पुष्कळदा टेकत नाही. काही वाद ‘तेकू’ या शब्दावर संपतात, म्हणजे ‘तसंच राहू दे’. आणि जिथे निकाल लागतो तिथेही आजचं आचरण गेमारावरून परस्पर ठरवू नका. ते पुढच्या संहितांवरून ठरतं. त्यात योसेफ कारो यांचा शुल्खान आरुख (१५६५ ची छपाई) मुख्य.

पानाची रचनाही लक्षात असू द्या, छापील प्रत कधी हाती आली तर. मधोमध मिश्ना आणि गेमारा, बांधणीच्या बाजूला राशीची टीका, बाहेरच्या बाजूला तोसाफोत (नंतरच्या टीकाकारांची भर). (राशी हे अकराव्या शतकातल्या फ्रेंच टीकाकाराचं नाव, आपल्या बारा राशींशी संबंध नाही. आपल्याकडे हा विनोद होतोच, म्हणून आधीच सांगितलं.) प्रत्येक पानाला दोन बाजू, अ आणि ब. प्रत्येक भाग पान २ पासून सुरू होतो, तेव्हा पहिलं पान गहाळ झालं म्हणून शोधत बसू नका.

वेग: दीड तासात एक बाजू झाली तरी खूप. दाफ योमीवाले रोज एक अख्खं पान वाचतात, २७११ पानं, साडेसात वर्षांत. तो नेम आहे आणि चांगला आहे. अर्थ शोधायला मात्र कामाचा नाही, अडायला वेळच मिळत नाही.

---

वेलीवरची_काडी

चौथ्या प्रश्नासाठी आलो. द्राक्षाच्या मांडवाचं उत्तर मिश्नात जवळजवळ याच शब्दांत आहे, सुक्का ११अ वर: मांडवावर द्राक्षवेल, भोपळ्याचा वेल किंवा आयव्ही चढवली आणि वर आच्छादन घातलं, तर बाद. आच्छादन वेलीपेक्षा पुष्कळ जास्त असेल किंवा वेल कापली, तर चालते.

कारण असं की छपराला तीन अटी आहेत. ते जमिनीतून उगवलेलं हवं, जमिनीपासून तोडलेलं हवं, आणि भांडं, कपडा किंवा खाद्य यांसारखं विटाळ लागू शकेल असं नको. मुळावर उभी वेल दुसऱ्या अटीत नापास.

आता बागेचा मांडव डोळ्यांसमोर आणा. सहा-सात फुटांवर तारांची जाळी, तिच्यावर ओलांडे आणि काड्या. उंचीला हरकत नाही, सावली भरपूर. तरीही बाद, कारण ती सावली झाडाची आहे, तुम्ही केलेली नाही. याचंच भावंड १५अ वर आहे: धान्याच्या गंजीत पोकळी कोरून आत बसलात तर ती सुक्का नव्हे. सावली तीच, छप्पर तेच, पण वर काही ‘घातलं’ नाही, खालून उकरलं. तत्त्व असं: ‘कर, आयतं झालेलं नको.’

पण छाटणी झाल्यावर? दिंडोरी-निफाडकडे गोड्या बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात चालते आणि सुक्कोत बरोबर याच दिवसांत येतो. २०२६ मध्ये पहिला दिवस शनिवार, २६ सप्टेंबर. छाटलेल्या काड्यांचे भारे बांधावर पडलेले असतात. त्या उचलून घातल्या तर उत्तम छप्पर होतं. इथेच या सणाचं माझ्या मते सगळ्यात सुंदर वाक्य येतं, १२अ वर. छप्पर कशाचं हवं हे ठरवताना योहानान ‘तुझ्या खळ्यातून आणि तुझ्या द्राक्षकुंडातून’ हे वचन घेतात आणि म्हणतात, इथे खळ्यातल्या आणि द्राक्षकुंडातल्या टाकाऊविषयी बोललंय. म्हणजे दाणे कणगीत गेले, रस रांजणात गेला, आणि मागे जो पाचोळा, ताटं, काड्या उरल्या त्यांच्याखाली सात दिवस बसायचं. सुगी सर्वांत भरात असताना डोक्यावर छप्पर मात्र टाकाऊचं.

प्रत्यक्ष करायचं झालं तर नडणाऱ्या गोष्टी:

छाटणीआधी पानगळ केलेली असते, त्यामुळे काड्या नागड्या असतात. एक थर घातला तर ऊन जास्त, सावली कमी, म्हणजे बाद. दोन-तीन थर आडवे-उभे घाला. दुपारी बारा वाजता आत उभं राहून जमीन बघा, सावलीचा भाग जास्त दिसला पाहिजे. मध्ये कुठे तीन मुठींची, म्हणजे सुमारे २४ सेंमीची मोकळी फट राहू देऊ नका.

लोखंडी तारेवर काड्या थेट टेकवायचं बरेच जण टाळतात. तारेवर आधी बांबू आडवे टाका, काड्या त्यावर.

द्राक्षाचा घड लटकत असलेली काडी नको. फळ हे खाद्य, तिसऱ्या अटीत अडकतं. छाटणीच्या काडीला घड नसतो, पण एखादा वाळका राहिला असेल तर खुडून टाका.

हिरवी शेडनेट चालत नाही, ती जमिनीतून उगवलेली नाही. बांबूची चटई बसायला-झोपायला विणलेली असेल तर नाही, मांडवावर घालायलाच विणलेली असेल तर हो (१९ब). नारळाच्या झावळ्या सगळ्यात निर्धोक.

गॅलरीत करणार असाल तर वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली नको, झाडाखालीही नको (९ब). वर थेट आकाश हवं. शहरात गच्ची बरी.

---

पान_दोन_अ

@वेलीवरची_काडी, फार नेमकं. एक भर, कारण त्या बागायतदारांना मोह होईल की मांडवावरच वेली कापून तिथेच राहू द्याव्यात, खाली उतरवून पुन्हा चढवायची कटकट कशाला.

मिश्नात ‘कापली तर चालते’ एवढंच आहे. नुसतं कापणं पुरतं का, यावर ११अ वरच वाद आहे. राव (वरचे रावा नव्हेत, हे वेगळे) म्हणतात, कापणं हेच ‘करणं’. शमुएल म्हणतात, नाही, कापल्यावर हलवलं पाहिजे, कारण वर घातलं तेव्हा ते जमिनीला जोडलेलं होतं, म्हणजे बाद स्थितीतच घातलं. आचरणात हलवायचं असंच धरतात: प्रत्येक काडी थोडी उचलायची आणि पुन्हा ठेवायची. वायफळ वाटेल. पण ‘कर, आयतं झालेलं नको’ हे तत्त्व हातांनी करायचं झालं तर ते असंच दिसणार.

आणि नाशिकला परतीचा पाऊस. २८ब वर विचारलंय, पाऊस आला तर सुक्का सोडून घरात कधी जायचं? उत्तर: भांड्यातलं दाटसर कालवण पाणी पडून बिघडेल तेव्हा. भरडलेल्या कडधान्याचं कालवण अशी त्याची फोड पुढे केली आहे. आपल्या भाषेत, पिठल्यात पाणी जाऊन ते खाण्याजोगं राहिलं नाही की उठा. हट्टाने भिजत बसण्यात पुण्य नाही. लगेच दृष्टांत येतो: चाकर धन्याला पेला भरून द्यायला आला आणि भांडंभर पाणी तोंडावर ओतलं गेलं. कोणी कोणावर ओतलं, असं २९अ वर विचारतात. धन्याने चाकरावर, ‘तुझी सेवा नको’ म्हणून. तआनीत या भागाच्या आरंभीही सणातला पाऊस शापाची खूण म्हटलाय. इस्राएलमध्ये पाऊस सुक्कोतनंतर हवा असतो, आपल्याकडे तेव्हा जायला हवा असतो. वेगळ्या आभाळाखालचा ग्रंथ आहे हे तेवढं ध्यानात असू द्या.

---

शनवार_तेली

मराठी बोलणाऱ्यांच्या चर्चेत बेने इस्राएलांचा (कोकणातल्या मराठी ज्यूंचा) विषय अजून आला नाही म्हणून लिहितो.

कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. शेकडो वर्षं त्यांच्याकडे तालमूद नव्हता, पण सण होते आणि त्यांना मराठी नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण, दुसरा दिवस शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तेव्हाच येतो. पसाख म्हणजे अनाशी ढाकाचा सण, आंबट रसाच्या मडक्यावर झाकण घालण्याचा. तिशा बआव (यरुशलमच्या देवळाच्या नाशाचा शोकदिवस) म्हणजे बिरड्याचा सण.

यांची सांगड तालमूदशी घालायचा मोह आवरा. उदाहरणार्थ, योम किप्पुरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव नईला, म्हणजे दार बंद होणं. ते देवळाचं दार की आभाळाचं, असा वाद यरुशलमी तालमूदमध्ये आहे. दारफाळणी ऐकलं की लगेच ‘हेच ते!’ असं वाटतं. पण दारफाळणी म्हणजे त्या दिवशी आपलं घर आतून लावून घेणं. दोन वेगळी दारं. बिरड्याचंही तसंच. शोकात मसूर का, तर मसुराला तोंड नाही आणि शोक करणाऱ्यालाही तोंड नाही, असं बावा बात्रा १६ब वर आहे. वालाचं बिरडं आणि ती मसूर शेजारी ठेवून बघायला मजा येते, पण एकातून दुसरं आलं असं म्हणू नका.

जुन्या यादीत हनुक्का नाही. पूर्वज हनुक्काच्या घटनेआधीच निघाले असं परंपरा सांगते. तो पुरावा मानायचा का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तुम्ही हनुक्का वाचाल तेव्हा तेलावर थांबा. शब्बात २४ब वर तार्फोन म्हणतात, शब्बातच्या दिव्याला फक्त ऑलिव्हचं तेल. २६अ वर योहानान बेन नुरी उभे राहून विचारतात: मग बाबेलच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे तिळाचंच तेल आहे? मेदियाच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे नुसतं अक्रोडाचं? अलेक्झांड्रियावाल्यांकडे मुळ्याच्या बियांचं? २३अ वर अबाये सांगतात, माझे गुरू आधी तिळाचं तेल शोधायचे, कारण ते जास्त वेळ जळतं. ‘सगळी तेलं चांगली, ऑलिव्हचं सर्वांत उत्तम’ हे वचन ऐकल्यावर ते ऑलिव्हकडे वळले, कारण त्याची ज्योत स्वच्छ. दोन पणत्या घ्या, समान वाती, समान तेल मापून, एकीत तीळ, एकीत ऑलिव्ह, आणि घड्याळ लावा.

दिवा किती वेळ? सूर्यास्तापासून बाजारातली वर्दळ थांबेपर्यंत (२१ब). सर्वांत उशिरा निघणारे कोण, तर तर्मोदी, सरपण विकणारे. आचरणात अर्धा तास. तेल तेवढं आधीच घाला, कारण लावणं हेच कर्तव्य. नंतर विझला तर पुन्हा लावायची सक्ती नाही. २०२६ मध्ये पहिला दिवा शुक्रवार, ४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्या दिवशी हनुक्काचा दिवा शब्बातच्या दिव्यांच्या आधी लावतात आणि तेल जास्त घालतात, रात्र पडल्यावरही अर्धा तास टिकेल एवढं.

रोज एक वाढवत आठापर्यंत जायचं हे हिलेलच्या शिष्यपरंपरेचं मत. शम्मायच्या परंपरेचं उलट, आठापासून एकावर. त्यांचं एक कारण सुक्कोतच्या बैलांचं: देवळात पहिल्या दिवशी तेरा, मग रोज एक कमी, सातव्या दिवशी सात, एकूण सत्तर. तुम्ही सुक्का वाचताय तर हा धागा तुम्हाला लगेच पकडता येईल. हिलेलचं कारण: पावित्र्यात चढत जावं, उतरू नये.

---

गंगापूररोडकर

खूप आभार. शपथांचा गोंधळ वाचून सगळे हसले. काड्या उचलून ठेवायचं बागायतदारांना पटलं, म्हणाले छाटणीनंतर त्या वेचायच्याच असतात.

अजून दोन. नाशिक वायनरींचं गाव, मग पसाखच्या चार पेल्यांना इथली वाइन चालेल का? आणि भात चालतो की नाही, दोन्ही वाचलंय. क्रमाचंही राहिलं.

---

शनवार_तेली

वाइन: ज्यू आचरणात द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत ती धर्म पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातात राहावी लागते. मूळ नियम अवोदा झारा २९ब वर. त्यामुळे इथली नेहमीची वाइन चालत नाही, चव कितीही चांगली असो. बेने इस्राएलांनी यावर मनुकांचं सरबत काढलं. मनुकांच्या रसावर किद्दुश (पेल्यावरचा आशीर्वाद) होतो, हे बावा बात्रा ९७ब वर आहे. काळ्या मनुका धुवून रात्रभर भिजवा, हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. मनुका इतक्या वाळलेल्या नकोत की दाबल्यावर ओल सुटतच नाही. एक चिरडून बघा, बोटाला चिकट रस लागला पाहिजे. मनुका पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त. पाणी वाढवलंत तर ते रंगीत पाणी झालं. पेला निदान ८६ मिली.

भात: पसाखिम ३५अ. तिथेही योहानान बेन नुरी, तेलवालेच. त्यांच्या मते तांदूळ हेही धान्य, म्हणून पसाखला वर्ज्य असलेला खमीर त्यालाही लागू. बाकीच्यांनी मानलं नाही: गहू, जव यांसारखी पाच धान्यं आंबतात, तांदूळ नुसता नासतो. ११४ब वर तर सेदेरच्या (पसाखच्या रात्रीच्या जेवणाच्या) ताटात बीट आणि भात मांडलाय, आणि अशी नावाचे पंडित तिथेच टिप्पणी करतात, यावरून दिसतं की नुरींचं कोणी ऐकत नाही. भात बंद केला तो पुढे युरोपातल्या अश्केनाझींनी, कडधान्यांबरोबर. बेने इस्राएल खातात. निवडून घ्या मात्र, तांदळात गव्हाचा दाणा राहायला नको.

---

काथ्याकूट

क्रम. सगळं वाचायला जाऊ नका, त्या त्या सणापुरतं निवडक तेवढंच.

नव्या वर्षाआधी रोश हशाना २९ब ते ३४ब. शिंग कसं फुंकायचं: सुस्काऱ्यासारखं लांब की हुंदक्यासारखं तुटक? ३३ब–३४अ वर हा प्रश्न सिसराच्या आईच्या रडण्यापर्यंत जातो. ती शत्रूची आई, हे विसरू नका. निकाल लागेना म्हणून अबाहू यांनी कैसरियात दोन्ही फुंकायचं ठरवलं. २०२६ मध्ये पहिला दिवस शनिवारी, १२ सप्टेंबरला येतो, तेव्हा त्या दिवशी शिंग वाजणार नाही. कारण २९ब वर.

योम किप्पुरला योमा या भागाचं फक्त आठवं प्रकरण, ७३ब पासून. आधीच्या सात प्रकरणांत देवळातला विधी आहे. तिथल्या फक्त ३४ब वर डोकावून या, महायाजक दुपारी जे कापड नेसायचा त्याचं नाव ‘हिंदुयिन’, भारताकडचं, किंमत ८०० झूझ (चांदीची नाणी). आठव्यात ८३अ आणि ८५ब सोडू नका. आजारी माणूस ‘मला खायला हवं’ म्हणाला तर वैद्य नको म्हणत असले तरी त्याचंच ऐकायचं. आणि माणसाचा अपराध केला असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय हा दिवस तो धुऊन काढत नाही.

मग सुक्का: २अ–३अ, ११अ–१२अ, २८ब–२९अ. हनुक्काला शब्बात २१अ–२४अ. पुरीमला मेगिल्ला ७ब आणि १०ब–१७अ, पैकी ११अ वर ‘होदू ते कुश’ म्हणजे भारत ते कुश, ही दोन टोकं लांब की शेजारी असा मजेशीर वाद. पसाखला पसाखिमचं दहावं प्रकरण, ९९ब पासून. शावुओतला वर सांगितलेलं अर्धं पान.

तिशा बआवच्या दिवशी एरवीचा अभ्यास वर्ज्य, दुःखाचं तेवढंच वाचतात. म्हणून तआनीत २६ब पुढचं आदल्या आठवड्यात संपवा आणि त्या दिवशी गित्तिन ५५ब–५८अ घ्या. खिडकीजवळ बसू नका, ती पानं उजेडात वाचायची नाहीत असं वाटतं. हा नियम नाही, माझं मत.

---

वेलीवरची_काडी

बागायतदारांना सांगा, काड्या छाटल्यावर लगेच भारे बांधू नका, दोन दिवस पसरून वाळू द्या. ओल्या रचल्या तर आत तापतात, बुरशी येते, आणि सात दिवसांत साल सुटून खाली जेवणात पडतं.